रेंज येईपर्यंत

"मावशी, दोन-तीन तासांत चालू होईल. नाही झालं तर फोन एकदा बंद करून चालू करा."

एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात हे वाक्य रोज ऐकू येतं. गिऱ्हाइकानं पैसे दिलेले असतात, आधार कार्ड दाखवलेलं असतं, अंगठा लावून झालेला असतो, फोटोही निघालेला असतो. फोन हातात आहे, सिम फोनमध्ये आहे, आणि पडद्यावर शब्द आहेत : 'फक्त आणीबाणीचे कॉल'. मावशी गावच्या गाडीत बसतात. दोन तास होतात, तीन होतात, रात्र होते. सकाळी पुन्हा तालुक्याला यायचं म्हणजे जाण्यायेण्याचं भाडं गेलं आणि दिवसाची मजुरीही बुडाली. दुकानदार तरी काय सांगणार? त्याच्या पडद्यावर 'प्रक्रिया सुरू आहे' एवढंच दिसत असतं.

नवा फोन सुरू व्हायचा तर यंत्र, कार्ड आणि माणूस या तिघांची गाठ पडावी लागते. यंत्राची नोंद एकीकडे असते, कार्डाची दुसरीकडे, माणसाची तिसरीकडे. शिवाय बँक आणि फोनमधली ॲप्स स्वतःची वेगळी खातरजमा करतात. या साखळीतली जवळजवळ प्रत्येक कडी कुठल्या तरी खऱ्या फसवणुकीनंतर किंवा न्यायालयाच्या आदेशानंतर जोडली गेली आहे. त्यामुळे तिला विनाकारण म्हणता येत नाही. पण माशी नेमकी कुठे शिंकली, हे ज्याचा फोन अडला आहे त्यालाच बहुतेक वेळा कळत नाही. नव्या फोनचा खरा मनस्ताप तिथे आहे.

कार्डाच्या पोटात

सिम कार्डात आपला मोबाइल नंबर असतो, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात नेटवर्क ज्या दोन गोष्टींवर चालतं त्या वेगळ्याच आहेत.

पहिलं सिम कार्ड १९९१ साली जर्मनीतल्या म्युनिकच्या गिझेके अँड डेव्हरियंट या कंपनीनं बनवलं. नोटा आणि सुरक्षित कागदपत्रं छापणारी ही जुनी कंपनी. तिनं फिनलंडच्या रेडिओलिनिया या मोबाइल कंपनीला ३०० कार्डं विकली. ती आजच्या एटीएम कार्डाएवढी मोठी होती आणि अख्खी फोनमध्ये सरकवावी लागत. पुढे कार्ड लहान होत गेलं. आजचं नॅनो सिम १२.३ मिलिमीटर लांब आणि ८.८ मिलिमीटर रुंद असतं. मधल्या काळात, २०१० नंतरची काही वर्षं, दुकानात स्टेपलरसारखा दिसणारा सिम कटर असे. नव्या फोनचा खण लहान आणि जुनं कार्ड मोठं, म्हणून कार्ड कापून घ्यायचं. काप चुकून सोनेरी पट्टीला लागला की कार्ड गेलं.

त्या सोनेरी पट्टीखालच्या चिपमध्ये एक १५ अंकी ओळखक्रमांक असतो. त्याचे पहिले तीन अंक देश सांगतात. भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे १२८ बिट लांबीची गुप्त किल्ली. तिची एक प्रत कार्डात आणि एक मोबाइल कंपनीकडे असते. ही किल्ली हवेतून कधीच पाठवली जात नाही. फोन सुरू झाला की नेटवर्क कार्डाला एक यादृच्छिक आकडा पाठवतं. कार्ड त्या आकड्यावर आपल्या किल्लीनं गणित करून उत्तर पाठवतं. कंपनीही आपल्या प्रतीनं तेच गणित करते. दोन्ही उत्तरं जुळली की दार उघडतं. परवलीचा शब्द न उच्चारता तो आपल्याला ठाऊक आहे हे पटवून देण्याची ही युक्ती आहे.

मग आपला दहा अंकी नंबर कुठे असतो? तो कंपनीच्या नोंदवहीत असतो. 'अमुक ओळखक्रमांकाच्या कार्डाला अमुक नंबर' अशी एक ओळ तिथे लिहिलेली असते. म्हणूनच सिम हरवलं तर नव्या कार्डावर तोच नंबर मिळतो. कंपनी फक्त ती ओळ बदलते. दुकानात मिळालेलं नवं कार्ड कारखान्यातून परिपूर्ण होऊनच आलेलं असतं, पण त्याच्या नावची ओळ अजून उघडलेली नसते. तोवर फोनला मनोरा दिसतो, मनोऱ्यालाही फोन दिसतो, पण नेटवर्क त्याला आत घेत नाही. ११२ सारखा आणीबाणीचा क्रमांक तेवढा लागतो. 'फक्त आणीबाणीचे कॉल' या शब्दांचा अर्थ हा असा. फोन बिघडलेला नसतो आणि बहुतेकदा कार्डही बिघडलेलं नसतं.

यंत्राची ओळख वेगळी. फोनवर *#०६# दाबलं की १५ अंकी आयएमईआय क्रमांक दिसतो. पहिले आठ अंक फोनचं मॉडेल सांगतात, पुढचे सहा त्या विशिष्ट नगाचे असतात आणि शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढलेला पडताळा असतो. चोरीला गेलेले फोन याच क्रमांकावरून देशभर बंद करता यावेत यासाठी मे २०२३ मध्ये केंद्र सरकारनं 'संचार साथी' हे संकेतस्थळ सुरू केलं. जुना फोन विकत घेणाऱ्यानं पैसे देण्याआधी इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरं, मोकळी जागा आणि आयएमईआय क्रमांक असा एसएमएस १४४२२ वर पाठवला, तर तो क्रमांक काळ्या यादीत आहे की नाही ते कळतं. हे न करता घेतलेल्या फोनमध्ये चांगलं सिम घालूनही रेंज येत नाही, आणि दोष मात्र सिमला दिला जातो.

अर्जाच्या थप्प्या

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना फोन लावला. त्या काळी बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत जात असे आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत. मुंबईत मॅक्स टच आणि बीपीएल या कंपन्यांचे मोजके ग्राहक होते. मोबाइल बाळगणारा माणूस कोण, हे शोधायला फारसं लांब जावं लागत नव्हतं.

२००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि चित्र पालटलं. सिम पानटपरीवर, किराणा दुकानात, जत्रेतल्या छत्रीखाली मिळू लागलं. एक फोटो, ओळखपत्राची झेरॉक्स आणि एक सही पुरे. त्या झेरॉक्सवर आणखी किती सिम निघाली, हे ज्याची झेरॉक्स त्याला कळायची सोय नव्हती. आधीच चालू करून ठेवलेली सिमही विकली जात. गिऱ्हाइकाला ती सोयीची होती, आणि खंडणीखोरालाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं एका याचिकेवर दिलेल्या निकालानंतर दूरसंचार विभागानं नियम कडक केले. आधी पडताळणी, मगच सिम चालू, हा क्रम पक्का झाला. कार्ड फोनमध्ये घातल्यावर ठरावीक क्रमांकावर कॉल करून आपली माहिती सांगायची, ही 'टेली-व्हेरिफिकेशन'ची पायरी त्याच क्रमात बसते. दुकानदार घाईत ती सांगायला विसरतो, गिऱ्हाईक घरी जातं आणि सिम दिवसभर गप्प पडून राहतं. अडलेल्या सिमचं हे आजही एक साधं कारण आहे.

ऑगस्ट २०१६ मध्ये आधारवर आधारित ई-केवायसीला, म्हणजे ग्राहकाच्या ओळखीच्या कागदाविना पडताळणीला, परवानगी मिळाली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली आणि या पद्धतीचा वेग देशाला दिसला. अंगठा लावला की नाव, पत्ता, फोटो थेट आधारच्या नोंदीतून येत आणि सिम काही मिनिटांत चालू होई. १७० दिवसांत जिओचे १० कोटी ग्राहक झाले. कागदी अर्जांवर हा वेग शक्यच नव्हता.

मग फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सर्व मोबाइलधारकांच्या पडताळणीची व्यवस्था उभी करण्यास सांगितलं. मार्चमध्ये दूरसंचार विभागानं आधारद्वारे फेरपडताळणीचं परिपत्रक काढलं. 'आधार लिंक करा, नाहीतर नंबर बंद होईल' असे एसएमएस त्या वर्षी लोकांना किती आले याची मोजदाद नाही. वयस्कर माणसं दुकानांच्या रांगांत उभी राहिली. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं आधारच्या खटल्यात ते परिपत्रक घटनाबाह्य ठरवलं. मोबाइलसाठी आधारची सक्ती संपली. २०१९ च्या कायदादुरुस्तीनं ऐच्छिक वापराची वाट पुन्हा खुली केली. एवढ्या थोड्या काळात नियम इतक्यांदा फिरले, की दुकानदारानं गेल्या वर्षी सांगितलेली गोष्ट यंदा खरी असेलच याची खात्री उरली नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं दूरसंचार सुधारणा जाहीर केल्या. कंपन्यांच्या गोदामांत तेव्हा ३०० ते ४०० कोटी कागदी अर्ज पडून असल्याचं सरकारनंच सांगितलं. देशाच्या लोकसंख्येच्या दुपटीहून अधिक! १ जानेवारी २०२४ पासून कागदी केवायसी पूर्ण बंद झाली. पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली झेरॉक्स आता चालत नाही. अंगठा, चेहरा किंवा ओटीपी यांपैकी काहीतरी जुळावंच लागतं.

अंगठा उठत नाही

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. ज्यांच्याकडे दाखवायला एकही कागद नाही त्यांना ओळख मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. त्याच ओळखीच्या जोरावर आज सिम मिळतं. पण हातावर पोट असलेल्यांचाच अंगठा यंत्राला अनेकदा ओळखू येत नाही.

याचं कारण त्वचेत आहे. बोटांवरच्या रेषांचा नमुना आईच्या पोटातच ठरतो आणि तो त्वचेच्या खोल थरात कायम असतो. यंत्राला मात्र वरच्या थरातले उंचवटे दिसतात. सतत घासलेल्या हातांवर ते झिजतात. सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो बायका दिवसभर तेंदूच्या पानावर बोटं फिरवतात. ऊसतोड कामगार बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून निघून हंगामाचे महिने हातात कोयता धरतात. गवंड्याच्या हाताला सिमेंट, धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हाताला साबण आणि सोडा. वयानं कातडी कोरडी आणि सैल पडते, ते वेगळंच. हाताला काही आठवडे विश्रांती मिळाली तर रेषा पुन्हा वर येतात. पण हंगामात विश्रांती कुठून आणायची?

दुकानदार मग अनुभवानं उपाय करतो. हात धुवायला लावतो, रुमालानं कोरडा करतो, अंगठा नाही तर मधलं बोट लावून पाहतो. आधार नोंदणीत दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, त्यामुळे हा प्रयत्न शास्त्रशुद्धच आहे. डोळ्यांच्या बुबुळांवरूनही ओळख पटवता येते, पण त्याचं यंत्र छोट्या दुकानात क्वचितच असतं. अलीकडे आधार प्राधिकरणानं फोनच्या कॅमेऱ्यानं चेहरा पडताळण्याची सोय दिली आहे. ती जिथे पोहोचली तिथे हाताचं काम करणाऱ्यांचा मोठा त्रास वाचला.

कधी बोटं ठीक असूनही काम होत नाही. सुरक्षिततेसाठी आपले ठसे ऑनलाइन 'लॉक' करता येतात. शहरातला मुलगा सुट्टीत आई-वडिलांचं आधार असं लॉक करून जातो. वर्षभरानं वडील नवं सिम घ्यायला जातात, ठसा नाकारला जातो, आणि कुलूप आहे हे घरात कुणालाच आठवत नाही. पडद्यावर मात्र कारण म्हणून एक इंग्रजी वाक्य आणि एक सांकेतिक आकडा येतो. दुकानदार 'सर्व्हर डाउन आहे' म्हणतो आणि विषय संपतो.

अठरा वर्षांखालच्या मुलांना स्वतःच्या नावानं सिम मिळत नाही. लातूरला अकरावीसाठी खोली घेऊन राहणाऱ्या मुलीचं सिम म्हणूनच वडिलांच्या नावावर असतं. ते हरवलं तर वडिलांनाच यावं लागतं, कारण ठसा त्यांचा. गाव जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला असेल, तर परीक्षेच्या तोंडावर मुलीचा घराशी असलेला संपर्क दोन-दोन दिवस तुटतो.

नंबर तोच, कंपनी नवी

नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय भारतात नोव्हेंबर २०१० मध्ये हरियाणात सुरू झाली आणि २० जानेवारी २०११ पासून देशभर मिळू लागली. आधी ती एकाच परिमंडळापुरती होती. मराठी माणसाला ही अट फार जाणवली, कारण मोबाइलच्या नकाशावर मुंबई हे एक परिमंडळ आहे आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरं. नवी मुंबई आणि कल्याण मुंबईकडे, पुणे आणि पणजी दुसरीकडे. पुण्याहून ठाण्याला बदली झालेल्या माणसानं कंपनी बदलायची म्हटली तर त्याला नंबरावर पाणी सोडावं लागे. जुलै २०१५ पासून देशात कुठेही तोच नंबर नेता येतो.

पद्धत अशी : इंग्रजीत पोर्ट हा शब्द आणि आपला नंबर १९०० वर एसएमएस करायचा. आठ अक्षरांचा एक कोड येतो. आपल्याकडे तो चार दिवस चालतो. नव्या कंपनीच्या दुकानात तो देऊन केवायसी करायची. एकाच परिमंडळात तीन कामाचे दिवस, दुसऱ्या परिमंडळात पाच. ठरलेल्या वेळी, बहुतेकदा रात्री, जुनं सिम गप्प होतं आणि नवं जागं होतं. मधले काही तास दोन्ही कार्डं मुकी असतात. ज्याच्या घरी कुणी दवाखान्यात आहे, त्यानं हे काम त्या आठवड्यात न केलेलं बरं.

या सोयीचा पूर्वीचा मनस्ताप निराळा होता. कोड लगेच मिळायचा, माणूस नवं सिम घेऊन घरी जायचा, आणि काही दिवसांनी अर्ज नामंजूर झाल्याचं कळायचं. जुनं बिल थकलं आहे, सध्याच्या कंपनीकडे ९० दिवस पूर्ण झालेले नाहीत, अशी कारणं असत. दूरसंचार नियामक प्राधिकरणानं १६ डिसेंबर २०१९ पासून हा क्रम उलटा केला. आता नंबर पात्र आहे की नाही हे आधी तपासलं जातं आणि पात्र असेल तरच कोड मिळतो. नसेल तर कारण एसएमएसनं कळतं. नियम तेच राहिले, अटीही जवळपास त्याच. बदललं एवढंच, की अडथळा माणसाला सुरुवातीलाच दिसू लागला. त्यानं दुकानाच्या किती फेऱ्या वाचल्या असतील!

अगदी नवा नंबर घेतला तरी तो कोरा असेलच असं नाही. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस बाजूला ठेवून पुन्हा दुसऱ्याला दिला जातो. दहा अंकांच्या मर्यादेत नंबर पुरवायचे तर दुसरा मार्ग नाही. त्यामुळे नव्या सिमवर पहिला फोन येतो तो कुणा अनोळखी माणसाच्या कर्जाच्या हप्त्याचा, शाळेच्या फीचा किंवा "आत्या, कधी पोचलीस?" असा. व्हॉट्सॲप उघडावं तर तिथे दुसऱ्याच बाईचा फोटो. ४५ दिवस न वापरलेलं खातं नव्या यंत्रावर सुरू झालं की व्हॉट्सॲप जुनी माहिती काढून टाकतं. बँका आणि इतर सेवा मात्र आपणहून असं काही करत नाहीत. जुना नंबर सोडताना तो बँकेतून, आधारमधून, गॅसच्या नोंदीतून काढणं ही सोडणाऱ्याची जबाबदारी आहे. ती न पाळल्याचा त्रास पुढच्या माणसाला होतो, आणि धोका मात्र सोडणाऱ्याला राहतो, कारण त्याचे ओटीपी परक्याच्या हातात पडतात.

चोवीस तासांचं मौन

सिम हरवलं, नवं घेतलं, रेंज आली, कॉल लागला. तरी बँकेचा ओटीपी येत नाही. इथे बहुतेकांचा धीर सुटतो. कारण मात्र साधं आहे. एखाद्याच्या नावानं खोटी कागदपत्रं देऊन त्याचं सिम दुसऱ्यानंच काढायचं, त्यावर ओटीपी मागवायचा आणि खातं रिकामं करायचं, असे गुन्हे वाढले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये दूरसंचार विभागानं आदेश दिला, की सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्या नंबरवर एसएमएस येणं आणि जाणं दोन्ही बंद ठेवायचं. खऱ्या मालकाचं सिम अचानक बंद पडलं, तर त्याला ओरड करायला एक दिवस मिळावा, हा हेतू. नियम योग्यच आहे. पण दुकानात ही गोष्ट सांगितली गेली नाही, की माणूस तासातासाला फोन बंद-चालू करत बसतो.

यूपीआयची अडचण याच धाग्यावर येते. नव्या फोनवर यूपीआयचं ॲप सुरू करताना ते त्या फोनमधून, निवडलेल्या सिमवरून, आपणहून एक एसएमएस पाठवतं. तो ज्या नंबरवरून निघाला तो बँकेतल्या नंबराशी जुळला की यंत्र आणि खातं एकमेकांना बांधलं जातं. एसएमएस जाण्यासाठी रिचार्ज चालू हवा, दोन सिमच्या फोनमध्ये योग्य सिम निवडलेलं हवं, आणि ते २४ तास संपलेले हवेत. यांपैकी एक जरी नसलं तरी पडद्यावर येतं ते 'थोड्या वेळानं पुन्हा प्रयत्न करा' हेच. सगळं जुळल्यावरही पहिले २४ तास ५००० रुपयांचीच मर्यादा असते. दवाखान्याचं बिल, कॉलेजची फी किंवा आडतीचा हिशेब त्या दिवशी असेल, तर खिशात रोख लागते.

फोन हरवलेल्या भाजीवाल्याला मात्र एक दिलासा असतो. गाड्यावरचा क्यूआर कोड फोनला नव्हे, बँकेच्या खात्याला जोडलेला असतो. फोन नसला तरी पैसे जमा होत राहतात. शेजारी 'इतके रुपये मिळाले' असं मराठीत बोलणारा डबा असेल तर त्याच्या पोटात स्वतःचं वेगळं सिम असतं. त्यामुळे मालकाचा फोन मुका असतानाही धंदा चालू राहतो.

यंत्राची कुलुपं

हा मनस्ताप एका देशाचा किंवा एका वर्गाचा नाही. ११ जुलै २००८ रोजी ॲपलनं आयफोन ३जी एकाच दिवशी वीसहून अधिक देशांत विक्रीला आणला. फोन दुकानातच आयट्यून्सद्वारे सुरू करून द्यायचा, असं ठरलं होतं. त्याच दिवशी जुन्या आयफोनसाठी नवी प्रणालीही खुली केली होती. सगळा भार एकदम आल्यानं सर्व्हर कोलमडले. रात्रभर रांगेत उभं राहिलेल्या लोकांना न सुरू झालेले फोन देऊन 'घरी संगणकाला जोडून पाहा' असं सांगावं लागलं. ज्यांनी जुना फोन सहज अद्ययावत करायला घेतला होता, त्यांचा चांगला चालता फोनही आणीबाणीच्या कॉलपुरता उरला. पहिल्या तीन दिवसांत १० लाख फोन विकले गेले, आणि ते घेणाऱ्यांतल्या कित्येकांची पहिली आठवण त्या अडलेल्या पडद्याचीच आहे.

चोरीला आळा घालण्यासाठी यंत्रांनाही कुलुपं आली. ॲपलनं २०१३ मध्ये, अँड्रॉइडनं २०१५ मध्ये अशी सोय केली, की फोन पुसून नव्यानं सुरू केला तरी आधीच्या खात्याचा पासवर्ड मागितला जातो. चोराच्या हातात फोन निरुपयोगी ठरतो, हे खरं. पण मुलानं वडिलांना दिलेला जुना फोन, किंवा वडिलांच्या पश्चात आईकडे आलेला फोन याच कुलपात अडकतो. खातं दुकानदारानं दुकानातच उघडून दिलेलं असतं आणि त्याचा ईमेल व पासवर्ड कुठेही लिहून ठेवलेला नसतो. फोन दुसऱ्याला देण्याआधी त्यातलं खातं सेटिंगमध्ये जाऊन काढणं, हे दोन मिनिटांचं काम पुढचा आठवडा वाचवतं.

काही वेळा कुलूप नसतं, फक्त पिढ्यांचं अंतर असतं. जिओनं २जी ठेवलंच नाही. त्यामुळे बटणांच्या जुन्या फोनमध्ये ते सिम निर्जीव ठरलं, आणि काही ४जी फोनमध्ये इंटरनेट चाललं तरी आवाजाचा कॉल थेट लागेना. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सुरू झालं, पण आयफोनधारकांना भारतातल्या ५जीसाठी लागणारं अपडेट डिसेंबरपर्यंत मिळालं नव्हतं. खोक्यावर '५जी' छापलेलं, शहरात ५जी आलेलं, आणि दोन महिने फोनवर ४जी.

आता सिमचं कार्डच नाहीसं होऊ लागलं आहे. ई-सिममध्ये किल्ली आणि ओळखक्रमांक इंटरनेटवरून फोनमध्ये उतरवले जातात. बहुधा ईमेलवर एक क्यूआर कोड येतो. तो ज्या फोनमध्ये वापरायचा त्याच फोनवर आला, तर त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं तो कसा टिपायचा? संगणक किंवा दुसरा फोन हाताशी असेल तर काम पाच मिनिटांचं आहे. अमेरिकेत २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनना सिमचा खणच नाही. तिथे नोकरीला गेलेल्या पुण्या-नाशिकच्या मुलांना भारतातल्या बँकेसाठी जपलेलं प्लास्टिकचं सिम त्या फोनमध्ये घालता येत नाही. म्हणून जुना फोन फक्त ओटीपीसाठी खणात चार्ज करून ठेवणारी घरं तिथे पुष्कळ आहेत.

कुठं अडलंय?

थोडी तयारी केली तर यातला बराच त्रास टळतो. नवा फोन सुरू झाल्यावरही जुना दोन दिवस पुसू नये. सिम बदलायचं तर सोमवार ते गुरुवार, सकाळी बदलावं. प्रवासाच्या किंवा मोठ्या व्यवहाराच्या आदल्या दिवशी नको. सिमच्या खोक्यावरचा १९-२० अंकी कार्ड क्रमांक आणि फोनचा आयएमईआय एका वहीत लिहावा. रिचार्ज संपलेला नाही ना, हे आधी पाहावं. आपल्या नावावर किती नंबर चालू आहेत ते संचार साथीवर पाहता येतं. देशाच्या बहुतेक भागांत एका व्यक्तीला नऊ नंबरांची मर्यादा आहे, आणि ती भरली असेल तर नवं सिम अडतं. यादीत अनोळखी नंबर दिसला तर तिथेच तक्रार करता येते.

पण सगळं गिऱ्हाइकावर ढकलणं न्यायाचं नाही. अर्ज आला, ठसा जुळला, पडताळणीचा कॉल बाकी आहे, एसएमएस उद्या दुपारी अडीचला सुरू होतील, ही सगळी माहिती कंपनीच्या संगणकात त्या-त्या क्षणी असते. पोस्टातून स्पीड पोस्ट पाठवलं तर पाकीट नाशिकला आहे की भुसावळला, हे पावतीवरच्या क्रमांकावरून कळतं. २०१९ नंतर पोर्टिंगच्या बाबतीत अडथळा आधी सांगण्याची सोय झाली, आणि त्यानं काहीही बिघडलं नाही. नव्या सिमसोबतही तशी एक पावती देता येईल. त्यावर पायऱ्या मराठीत छापलेल्या, झालेल्या पायरीसमोर खूण, आणि अडलेल्या पायरीसमोर कारण व उपाय. ठसा उठला नाही तर चेहऱ्याची पडताळणी जवळ कुठल्या दुकानात होते, त्याचा पत्ता.

मग स्टँडसमोरच्या दुकानात गिऱ्हाईक ती पावती पुढे करील, दुकानदार तिच्यावर बोट ठेवील आणि म्हणेल, "मावशी, सगळं झालंय, फक्त एक कॉल राहिलाय. तो इथूनच लावू." गाडी सुटायला अजून दहा मिनिटं असतील.